स्टाफ क्लिनिकचे अठरा महिने : रात्रपाळीतून केलेले परीक्षण

पुण्यातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात मी गेली बावीस वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे आणि त्यांतील शेवटची सात वर्षे मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. अठरा महिन्यांपूर्वी आमच्या व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र आरोग्य सेवा सुरू केली. परिपत्रकात तिचे नाव दीड ओळीचे आहे. आम्ही सगळे तिला ‘स्टाफ क्लिनिक’ म्हणतो. त्यात एक अर्धवेळ फिजिशियन, एक पूर्णवेळ सिस्टर, आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या समुपदेशक, दोन दिवस येणारे फिजिओथेरपिस्ट, लसीकरण, वार्षिक तपासणी, विश्रांती कक्ष, रात्रीचे खाणे आणि बाहेरच्या एका कंपनीचे मोबाइल अ‍ॅप एवढ्या गोष्टी येतात. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण मी अजून तेथेच नोकरीला आहे आणि पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्टही तेथूनच लागणार आहे. तरीही हे लिहावेसे वाटले, कारण अशी सेवा सुरू करण्याचा विचार करणाऱ्या इतर रुग्णालयांतील मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख) आणि एचआरची मंडळी आमच्याकडे चौकशी करतात, आणि त्यांना दाखवले जाते ते उद्घाटनाच्या दिवशीचे फोटो.

इन्चार्जला एरवी नाइट नसते; आमच्याकडे मात्र प्रत्येक इन्चार्जला महिन्यातून चार रात्री सुपरवायझर म्हणून काढाव्या लागतात. त्या रात्री हातात फोन आणि चाव्यांचा जुडगा घेऊन मी आयसीयूपासून लेबर रूमपर्यंत सगळीकडे फिरते. त्यामुळे या सेवेकडे पाहताना मी एकच कसोटी लावली आहे : रात्री तीन वाजता तिचा उपयोग होतो का? सकाळी अकरा वाजता रुग्णालयात सगळेच मिळते. फार्मसिस्ट असतो, प्रशासन असते, चार खोल्या सोडून कोणी ना कोणी तज्ज्ञ डॉक्टर असतो. आमच्याकडची नाइट रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची आहे, आणि माझ्या पाहण्यात अपघात, भांडणे, चुका आणि रडणे यांतले बरेचसे या बारा तासांच्या उत्तरार्धात होते.

सर्वांत आधी सुई टोचण्याबद्दल सांगते, कारण या सेवेचे सर्वांत चांगले काम तेथे झाले आहे. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णांनी वॉर्ड भरून वाहत असताना एका तरुण स्टाफ नर्सला पहाटे तीनला दहा मिनिटे कमी असताना प्रिक झाला, म्हणजे वापरलेली सुई टोचली. रुग्ण दारू अचानक सुटल्यामुळे भ्रमात होता आणि खाटेवर उठून बसत होता. तिने इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सलाइनची नळी) टाकले, आतली सुई मागे घेतली आणि त्याच क्षणी त्याने हात झटकला. सुई हातमोज्यातून तिच्या डाव्या तर्जनीत गेली. मी पोहोचले तेव्हा ती बेसिनपाशी उभी राहून बोट दाबून दाबून रक्त काढत होती. हे सगळेच करतात; लहानपणी काटा रुतल्यावर घरात तेच शिकवलेले असते, आणि येथे ते चुकीचे ठरते. त्याच बेसिनच्या वर क्लिनिकने लॅमिनेट करून लावलेले कार्ड होते : बोट दाबू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि कॅज्युअल्टीला फोन करा. मी फक्त त्या कार्डाकडे बोट दाखवले. अशा वेळी माणसाला समजावून सांगता येत नाही. वाचायला लावता येते.

कॅज्युअल्टीत आता लाल झाकणाचा एक डबा असतो. त्यात एक पानी फॉर्म, रॅपिड तपासणीची किट्स आणि एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांची सुरुवातीची पाकिटे असतात. डब्याची चावी सीएमओंच्या, म्हणजे कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांच्या, टेबलाच्या खणात असते, आणि तो उघडण्यासाठी कोणाचीही सही लागत नाही. मला विचाराल तर या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचा निर्णय हाच. गोळ्यांचा पहिला डोस शक्य तितक्या लवकर, होता होईल तो दोन तासांच्या आत घ्यायचा असतो. ७२ तास उलटून गेल्यावर सुरू करून उपयोग नसतो. आणि सुरू केल्यावर गोळ्या २८ दिवस न चुकता घ्याव्या लागतात. रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नव्हता, म्हणून त्याच्या भावाला उठवून, नीट समजावून, लेखी संमतीने त्याचे रक्त घेतले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात संमतीशिवाय अशी तपासणी करता येत नाही, आणि कामावर असताना संसर्गाचा धोका पत्करणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रतिबंधक उपचार पुरवण्याची जबाबदारी त्याच कायद्याने संस्थेवर टाकली आहे. तपासणीच्या निकालाची वाट न पाहता तिला तीन वाजून पंचवीस मिनिटांनी पहिली गोळी दिली गेली. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तीन औषधांच्या गोळीला सगळीकडे ‘टीएलडी’ म्हणतात. हृदयाची अँजिओग्राफी होते त्या कॅथलॅबमध्ये मात्र ‘टीएलडी’ म्हणजे छातीवर लावायचा, किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला. त्या रात्री तिथल्या टेक्निशियनला फोनवर ‘टीएलडी आहे का’ असे विचारले, तेव्हा त्याने आपला बिल्ला शोधायला सुरुवात केली होती.

तिला घाबरू नकोस असे मी म्हटले नाही. आकडे सांगितले. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, म्हणजे हजारात तीन. खरी भीती लस न घेतलेल्या माणसाला ‘हिपॅटायटिस बी’ची असते, तेथे ही शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. तिचे लसीचे तीनही डोस झालेले होते आणि क्लिनिकने लसीनंतर केलेल्या रक्ततपासणीत प्रतिपिंडांची पातळी संरक्षणासाठी लागणाऱ्या १० च्या बरीच वर आली होती. तो कागद क्लिनिकच्या संगणकातून कॅज्युअल्टीत रात्रीही काढता येतो, ही बाब लहान दिसते. पण पहाटे साडेतीनला त्या मुलीच्या चेहऱ्यावर रक्त परत आले ते त्या कागदामुळे.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, याच इमारतीत, मला प्रिक झाला होता. तेव्हा मला ‘सकाळी मेट्रनना भेट’ असे सांगण्यात आले. सकाळी मेट्रन मीटिंगमध्ये होत्या. गोळ्या मिळाल्या त्या दुपारी एक वाजता, सरकारी रुग्णालयाच्या केंद्रातून, रिक्षाचे पैसे मी भरून. त्या नऊ तासांत मी तीन बेड बाथ दिले, एका रुग्णाला डिस्चार्ज दिला आणि पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवण्याची ओव्हरही दिली. म्हणून लाल झाकणाच्या डब्याचे मी करते तितके कौतुक नव्या मुली करणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आता त्याच प्रकरणातील दोष. प्रिकनंतरचा पाठपुरावा सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा टप्प्यांनी होतो आणि तो स्टाफ क्लिनिकच्या ओपीडीतच करावा लागतो. या ओपीडीची वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक. सकाळी आठला नाइट संपवलेल्या माणसाने तीन तास काय करावे, याचा विचार वेळ ठरवणाऱ्याने केलेला नाही. ती मुलगी सहा आठवड्यांच्या तपासणीच्या दिवशी चेंजिंग रूममधील बाकावर पर्स उशाला घेऊन झोपली होती. शिवाय गोळ्यांमुळे पहिल्या आठवड्यात मळमळ आणि चक्कर येत असल्याने तिने घेतलेले दोन दिवस एचआरने तिच्या कॅज्युअल रजेतून कापले. कामावर झालेल्या इजेची रजा कॅज्युअलमध्ये कशी धरली जाते, हे मी लेखी विचारले आहे. उत्तर यायचे आहे.

लसीकरणाबाबत सुरुवातीचे सहा महिने या सेवेने मोठी चूक केली, आणि ती मनातून जात नाही. सेवा ‘कायम कर्मचाऱ्यांसाठी’ होती. आमच्याकडे वॉर्डातील मावशी आणि मामा बहुतेक कंत्राटदाराकडून येतात. पिवळ्या, लाल पिशव्या बांधून खाली नेणाऱ्या त्याच. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच टाकायच्या असतात, हे प्रत्येक सिस्टरला पाठ असते. तरीही घाईत एखादी सुई कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत जाते आणि ती टोचते मावशीला, पायाला किंवा मांडीला, पिशवी उचलून अंगाशी धरताना. सिस्टरच्या चुकीची सुई मावशीच्या अंगात, असे ते गणित आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की आरोग्य कर्मचारी आणि हा कचरा हाताळणारे इतर सर्व यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करायची आणि त्याची नोंद ठेवायची. ‘इतर सर्व’ या दोन शब्दांचा अर्थ लावायला आमच्या कार्यालयाला सहा महिने लागले. मेट्रनमॅडमनी प्रत्येक बैठकीत तो नियम वाचून दाखवला, तेव्हा कुठे कंत्राटी कर्मचाऱ्यांची यादी मागवली गेली.

त्यानंतरचे काम मात्र चांगले झाले. क्लिनिकच्या सिस्टर स्वतः आइसबॉक्स घेऊन वॉर्डात येतात. मावशींना ओपीडीत बोलवत बसत नाहीत. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असल्याने बरीच माणसे तिसऱ्या डोसाला गळतात, कारण तोपर्यंत कंत्राटदार बदललेला असतो किंवा मावशी दुसरीकडे गेलेल्या असतात. त्यावर त्यांनी साधा उपाय काढला : लसीचे कार्ड रुग्णालयात न ठेवता मावशींच्या हातात दिले. आमच्या वॉर्डातील एक मावशी ते कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिक पाकिटात घालून कनवटीला लावून ठेवतात. तीनही रकान्यांवर शिक्के आहेत. एकोणीस वर्षांच्या कामात अंगावर टोचून घेतलेली पहिली सरकारमान्य सुई, असे त्या म्हणतात.

विश्रांती कक्षाबद्दल मत बनवणे अवघड आहे. खोली चांगली आहे. तीन आरामखुर्च्या, जाड पडदे, मंद दिवा, भिंतीवर वेळ लावायचे घड्याळ आणि नाव नोंदवायची वही. झोप पंचवीस मिनिटांची घ्यायची, असे क्लिनिकने ठरवून दिले आहे, आणि ते योग्य आहे. त्याहून लांब झोप लागली की उठल्यावर डोके जड होते आणि त्या अवस्थेत इन्सुलिनचा डोस मोजणे हे न झोपण्यापेक्षा वाईट. रात्रपाळीने शरीराचे घड्याळ बिघडते ही आता केवळ आमची कुरकुर राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच अशा कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आणि २०१९ मध्ये ते मत कायम ठेवले. तेव्हा पंचवीस मिनिटे पाठ टेकायला मिळणे हे लाड नव्हेत.

प्रश्न असा की त्या पंचवीस मिनिटांत वॉर्ड कोण पाहणार? भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. आमच्या वॉर्डात रात्री तीस रुग्णांना दोन सिस्टर असतात. एक झोपायला गेली की दुसरी तिसांना एकटी. त्यामुळे पहिले चार महिने वही कोरी राहिली आणि खुर्च्यांवर सलाइनचे खोके रचले गेले. पुढे क्लिनिकने एक ‘रिलीफ सिस्टर’ मागून घेतली. ती रात्री एक ते पाच या वेळेत वॉर्डावॉर्डांत फिरून प्रत्येकी अर्ध्या तासाची सुट्टी देते. ही जागा भरलेली असते त्या रात्री वहीत सात-आठ नावे दिसतात. ती रजेवर असली की एकही नाही. खुर्च्या तीन की सहा, याने काही फरक पडत नाही. नव्याने असा कक्ष उभारणाऱ्यांनी आधी रिलीफची जागा मंजूर करून घ्यावी आणि खुर्च्या मागाहून आणाव्यात. जुन्या सोफ्यावरही झोप लागते.

रात्रीच्या खाण्याला मी पूर्ण गुण देते. पूर्वी कँटीन अकराला बंद व्हायचे आणि नंतर बिस्किटे, वेफर्स आणि घरून आणलेला, नर्सिंग स्टेशनच्या खणात गार झालेला डबा. आता दोन वाजता ट्रॉली वॉर्डात येते : मुगाची खिचडी किंवा उसळ-पोळी, ताक आणि चहा, तीस रुपयांत. तळलेले काही नसते, याबद्दल सुरुवातीला मामांनी नाराजी दाखवली. ट्रॉली आयसीयूच्या दारापर्यंत येते, ही त्यातली खरी सोय.

पण खाण्यापेक्षा पाण्याची कहाणी मोठी आहे. आमच्यातील कित्येक जणी ड्यूटीत मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायले की बाथरूमला जावे लागते, आणि वॉर्डातील बाथरूम रुग्ण व नातेवाइकांसाठी असते, ओले आणि बहुतेक वेळा भरलेले. स्टाफचे बाथरूम एक मजला खाली. बारा तासांत एकदा जाणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग हे आमच्या व्यवसायाचे दुखणेच झाले आहे, आणि याबद्दल कोणी बोलत नाही, कारण रुग्णांची युरिन बॅग रिकामी करताना मिलिलिटर मोजणाऱ्या बाईला स्वतःबद्दल हे सांगणे विचित्र वाटते. क्लिनिकच्या सिस्टरांनी वर्षभरात आलेल्या तक्रारींतून हे हेरले आणि प्रत्येक मजल्यावर एक कुलूपबंद स्टाफ टॉयलेट मागितले. तीन मजल्यांवर झाले आहे. आमच्या मजल्यावर त्या जागेत अजून जुनी व्हीलचेअर आणि ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर आहेत.

फिजिओथेरपीचा भाग अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. पहिल्यांदा त्यांनी सभागृहात कंबरेच्या व्यायामांचे व्याख्यान ठेवले. अकरा जण आले, त्यांतले चौघे कार्यालयातील. नंतर फिजिओथेरपिस्ट सर थेट वॉर्डात आले आणि दुपारच्या दोनच्या ओव्हरनंतर खाटेशी उभे राहून आम्ही नव्वद किलोच्या रुग्णाला वर सरकवताना काय करतो ते पाहत राहिले. आम्ही जे करतो ते सगळीकडे होते : दोघी दोन्ही बाजूंना, चादर मुठीत, ‘एक, दोन, तीन’ आणि कंबरेतून हिसका. त्यांनी खाट आधी आमच्या कंबरेच्या उंचीला आणायला लावली, रुग्णाखाली गुळगुळीत स्लाइड शीट सरकवली आणि उचलण्याऐवजी ओढायला सांगितले. फरक इतका होता की सोबतची स्टाफ हसायला लागली. प्रत्येक वॉर्डाला दोन स्लाइड शीट मिळाल्या. त्यांतली एक लाँड्रीतून परत आलेली नाही.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याला तेवढीच जागा योग्य आहे. रोज दहा हजार पावले चाललात की गुण मिळतात. वॉर्डात दिवसभर खाटांमधून फिरणाऱ्या माणसाला चालण्याचे बक्षीस देणे ही कल्पना ज्याला सुचली, त्याने कधी ड्यूटी केलेली नसावी. रात्री दहा वाजता ‘झोपण्यापूर्वी पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या’ असा संदेश येतो. त्या वेळी मी दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष देत असते. दुपारी तीनचे हास्ययोगाचे सत्रही याच वर्गातले. सकाळपाळीवाल्यांना ते घरी जाताना अडवते आणि दुपारपाळीवाल्यांना वॉर्ड सोडून जाता येत नाही.

समुपदेशन ही मात्र गंभीर बाब आहे आणि तिच्यात सुधारणाही दिसली. आरंभी भेटीसाठी नाव, विभाग आणि कर्मचारी क्रमांक रजिस्टरमध्ये लिहावा लागे, आणि ते रजिस्टर एचआरच्या शेजारच्या खोलीत असे. पहिल्या तीन महिन्यांत कोणी गेले नाही, यात नवल नव्हते. आता नावाऐवजी क्रमांकाची चिठ्ठी असते, समुपदेशक मॅडम स्वतःच्या फोनवर वेळ देतात आणि खोली जुन्या इमारतीत, फिजिओथेरपीच्या मागे हलवली आहे. तिकडे जाणारा माणूस पाठीसाठी चालला आहे असेच वाटते. मॅडम रात्री नसतात. त्यासाठी त्यांनी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक नर्सिंग स्टेशनच्या फोनखाली चिकटवला आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केलेली ही मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. आमच्यापैकी किती जणांनी फोन केला, हे अर्थातच मला ठाऊक नाही आणि ठाऊक असता कामा नये.

मॅडमचे जे काम मी जवळून पाहिले ते पेडियाट्रिक वॉर्डातले. सात वर्षांचा एक मुलगा सतरा दिवस व्हेंटिलेटरवर राहून पहाटे गेला. तेथील सिस्टरांनी त्याच्या खाटेला त्याच्या आवडीच्या क्रिकेटपटूचे चित्र लावले होते. दुसऱ्या दिवशी मॅडम ओव्हरच्या वेळी आल्या, कोणाला खोलीत बोलावले नाही, व्याख्यान दिले नाही. औषधांच्या खोलीत उभ्या राहून वीस मिनिटे ज्याला जे बोलायचे ते बोलू दिले. निवासी डॉक्टर आधी दाराशी थांबले होते, मग आत आले. एका सिस्टरने फक्त एवढेच विचारले की ते चित्र काढून कुठे ठेवायचे. ते मुलाच्या आईला द्यावे, असे सर्वांनी मिळून ठरवले.

निवासी डॉक्टरांच्या बाबतीत ही सेवा जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि दोष क्लिनिकचा नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशांत त्यांची सलग ड्यूटी एरवी बारा तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याचे काम ४८ तासांचे असावे, असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ च्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांत कागदावरची अपेक्षाही किती खाली आली, हे त्या दोन आकड्यांत दिसते. आणि प्रत्यक्षात आमच्याकडचे डीएनबीचे (पदव्युत्तर शिक्षण घेणारे) निवासी डॉक्टर ७४ तास ऐकून हसतात. छत्तीस तास जागा असलेला मुलगा समुपदेशकाकडे गेला, तर पहिल्या खुर्चीत बसल्याबरोबर झोपेल. ड्यूटी लिस्टवर क्लिनिकचा काडीचा अधिकार नाही. फिजिशियन सरांनी एका डॉक्टरला ‘सलग रात्रपाळी नको’ असे लिहून दिले होते. विभागप्रमुखांनी ती चिठ्ठी फाइलला लावली आणि रात्रपाळीही लावली.

मारहाणीच्या प्रसंगांसाठी सेवेने काय केले, हेही सांगायला हवे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तो इंग्रजी-मराठीतून कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावलेला आहे आणि तो वाचून कोणाचा हात थांबलेला मी पाहिला नाही. क्लिनिकने दोन गोष्टी केल्या. मार खाल्लेल्या कर्मचाऱ्याची तपासणी आणि जखमांची नोंद त्याच रात्री होते, आणि तक्रार संस्थेच्या वतीने केली जाते, जेणेकरून त्या सिस्टरला एकटीने पोलीस चौकीत बसावे लागू नये. हे पुरेसे नाही. पण यापूर्वी एका वॉर्डबॉयला फुटलेला ओठ घेऊन स्वतः रिक्षाने चौकीत जाताना मी पाहिले आहे.

वार्षिक तपासणी बरी आहे. रक्त घेतात, अहवाल मोबाइलवर येतो, हिमोग्लोबिन कमी असेल तर लाल अक्षरांत दिसते. मावशींपैकी बऱ्याच जणींचे ते लाल अक्षरांत होते. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे राहून गेले.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. प्रिकची व्यवस्था, लसीकरण आणि रात्रीची ट्रॉली यांसाठी हे गुण आहेत. अ‍ॅप, हास्ययोग आणि कॅज्युअलमधून कापलेले दोन दिवस यांसाठी कापले आहेत. ओपीडीची वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ करावी, म्हणजे नाइट संपवून जाणारे आणि सकाळपाळीला येणारे दोघेही दाखवून जाऊ शकतील, असा अर्ज आम्ही अठ्ठेचाळीस जणींनी सह्या करून दिला आहे. त्यात मावशींचे अंगठेही आहेत. व्यवस्थापनाने तो तत्त्वतः मान्य केल्याचे तोंडी कळवले. या आठवड्याच्या नाइटहून घरी निघताना मी मुद्दाम त्या दारावरून गेले. पाटीवर अजून अकरा ते एकच आहे.